पहिल्या लेखकाची सही

त्या वर्षी माझी किंमत अकरा होती आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या रसायनशास्त्राच्या सरांची सहाशेच्या वर. आम्ही दोघं महाडच्या एकाच कॉलेजात, एकाच पंख्याखाली बसून एकाच किटलीतला चहा पीत होतो, तरी हा फरक होता आणि तो सगळ्या स्टाफरूमला माहीत होता.

ही किंमत म्हणजे सायटेशन. आपला शोधलेख दुसऱ्या कुणी संशोधकानं आपल्या लेखात आधाराला घेतला, की आपल्या खात्यावर एक सायटेशन जमा. एका संकेतस्थळावर प्रत्येकाच्या नावाखाली हा आकडा दिसतो आणि त्याच्या शेजारी एच-इंडेक्स नावाचा त्याचा धाकटा भाऊ. आपले पाच लेख प्रत्येकी निदान पाचदा कुणी आधाराला घेतले असतील, तर आपला एच-इंडेक्स पाच. सरांचा चौदा होता, माझा दोन. सर सकाळी आले की आधी तो आकडा बघायचे आणि मग हजेरीवर सही करायचे. जाता जाता मला विचारायचे, "काय मॅडम, तुमचं गवत उगवलं का?"

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि माझा विषय गवत. माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात, ते खोटं नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, गवत उगवतं म्हणून तुमच्या चहात दूध असतं." ते "वा वा" म्हणाले आणि परत आकडा बघायला लागले.

खरं सांगायचं तर त्या अकराचं मला सोयरसुतक नव्हतं. अकरा तर अकरा. पण त्या वर्षी एका मुलीचं पुढचं सगळं त्या अकरापाशी येऊन अडलं आणि मग मला त्या आकड्याकडे बघावंच लागलं.

ही मुलगी पोलादपूर तालुक्यातली. आंबेनळी घाटाचा रस्ता वळणं घ्यायला लागतो, तिथून वर माथ्यावर एक वाडी आहे, तिथली. वाडीतली पहिली एम.एस्सी. वडील आणि भाऊ मुंबईला नोकरीत, घरी ती, आई आणि म्हशी. आमच्या विभागात ती तासांवर शिकवायची. सकाळची एसटी चुकली तर दुधाच्या टेम्पोतून यायची आणि कपड्यांना दुधाचा वास येतो म्हणून पहिल्या तासाला खिडकीजवळ उभी राहायची. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. विषय तिच्या डोक्यात पक्का होता: आपल्या उतारांवर कुठलं गवत माती धरून ठेवतं. आमच्याकडे पावसाळ्यात डोंगर खाली येतो, हे सांगायला काही शास्त्रज्ञ लागत नाही. तो कुठे येत नाही आणि का येत नाही, हे तिला शोधायचं होतं.

नव्हता तो फक्त पीएच.डी.चा गाइड. मुंबईतल्या बहुतेक गाइडांकडे जागा नव्हती. एकाकडे होती, पण ते म्हणाले, आठवड्यातले चार दिवस प्रयोगशाळेत हजर राहावं लागेल. आईचा गुडघा गेलेला, मग म्हशींचं चार दिवस कोण करणार? मला गाइड म्हणून मान्यता मिळाली, तर आणि तरच ती घरी राहून हे करू शकणार होती. परीक्षेच्या निकालाची मुदत पुढच्या पावसाळ्याबरोबर संपत होती. मी अर्ज केला.

दिवाळीनंतर उत्तर आलं. त्यात दोन हरकती होत्या. पहिली, अर्जदाराची सायटेशनं विज्ञान शाखेसाठी ठरवलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी आहेत. दुसरी, अर्जदाराच्या प्रमुख लेखाचे प्रथम लेखक अन्य आहेत, तरी मुख्य काम अर्जदाराचे असल्याबाबत प्रथम लेखकाच्या सहीचे प्रमाणपत्र जोडावे.

पहिली हरकत वाचून मला राग आला. दुसरी वाचून मी खुर्चीत बसले. कारण माझ्या त्या लेखाचा पहिला लेखक होता "समस्त ग्रामस्थ मंडळ, मुंबई व ग्रामीण".

हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. आमच्याकडचा हसत नाही. आमच्याकडे देवळाची पायरी असो, विहिरीचा कठडा असो, नाहीतर क्रिकेटच्या सामन्यांचं बॅनर असो, पाटीवर पहिली ओळ हीच असते. निम्मं गाव मुंबईत असतं, निम्मं डोंगरावर, म्हणून "मुंबई व ग्रामीण". एखाद्यानं पदरचा पैसा घालून बाक बसवला, तरी त्याचं नाव खाली, बारीक अक्षरात. वर घातलं तर गावकीत विचारतात, "एकट्यानंच बांधलास काय रे?" मी स्वतः वरंधकडची. लहानपणापासून हीच पाटी वाचत आले.

तो लेख मी याच मुलीच्या वाडीवर केला होता, ती कॉलेजात यायच्याही आधी. दोन वर्षं मी तिथल्या बायकांबरोबर उतार तुडवले. पुस्तकात गवताची विभागणी फुलोऱ्यावरून होते. या बायका ती कामावरून करतात: हे गुरांच्या तोंडचं, हे भातरोपांच्या जमिनीवर राब भाजायला, हे छप्पर शाकारणीचं. शिवाय एकच गवत कोवळं असताना एका नावाचं आणि कुसळं धरल्यावर दुसऱ्या नावाचं, कारण जनावर ते आता खात नाही. जनावर खात नाही म्हणजे ते वेगळंच गवत, असा त्यांचा हिशेब. मी ते सगळं पुस्तकातल्या नावांशी जुळवलं आणि लेख पाठवायची वेळ आली, तेव्हा लेखकाच्या रकान्यात हात आपोआप तिकडे गेला. वर समस्त ग्रामस्थ, खाली मी. संपादकानं मेल करून विचारलं, प्रथम लेखक ही व्यक्तीच आहे ना? मी कळवलं, आहे. मला तेव्हा त्यात खोटं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

संकेतस्थळानं मात्र त्या व्यक्तीचं खातं उघडलं. बिनचेहऱ्याचा राखाडी पुतळा, एक लेख, नऊ सायटेशनं. माझ्या अकरातली नऊ त्याच लेखाची. समस्त ग्रामस्थांचा एच-इंडेक्स एक होता, म्हणजे मी त्यांच्या जेमतेम एक पाऊल पुढे.

हरकतींचं पत्र मी टेबलावर आपटलं आणि आता टोमणा येणार म्हणून सरांकडे बघितलं. सरांनी पत्र उचललं, चष्मा वर करून वाचलं आणि नेहमीसारखे हसले नाहीत.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

"काय चूक आहे? अकराच आहेत."

"अकरा बरोबर. माप चूक. हे माझ्या मापानं तुम्हाला मोजतायत." मग त्यांनी खुर्ची वळवून घेतली. "मॅडम, मी पाण्यातला रंग काढायचं काम करतो. जगात हे काम करणारी माणसं किती असतील सांगा. जो तो लेख लिहितो, प्रत्येक लेखाखाली संदर्भांची ही लांब शेपटी, आणि आम्ही सगळे एकमेकांना शेपटीत घेतो. लग्नातले आहेर फिरतात ना या घरून त्या घरी, तसं आमचं सायटेशन फिरतं. तुमच्या गवतावर लिहिणारं आहेच कोण? दासगावच्या खाडीतली होडी आणि घाटातली एसटी, दोन्हींचा वेग एकाच फूटपट्टीनं बघायचा?"

"मग कसं बघायचं?"

"होडी होडीबरोबर," ते म्हणाले.

पुढचे काही आठवडे, प्रात्यक्षिकं संपली की सर लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसायला लागले. माझा लेख ज्या वर्षी आला, त्याच वर्षी आपल्या देशातल्या गवतांवर आलेले जेवढे लेख सापडतील तेवढे त्यांनी गोळा केले आणि प्रत्येकाला किती सायटेशनं मिळाली ते मांडलं. बहुतेकांपुढे शून्य होतं, काहींपुढे एक-दोन. नऊ म्हणजे त्या रांगेत अगदी पुढे. नऊतला एक हिमालयातल्या कुरणांवर काम करणारा, एक कुठल्या तरी परदेशातल्या डोंगरावरचा. त्यानं लिहिलं होतं की कामावरून गवत ओळखायची ही पद्धत त्यांच्याकडच्या धनगरांतही आहे. हे मला माहीतच नव्हतं. मी कधी उघडून बघितलंच नव्हतं.

मग सरांनी दुसरा कागद पुढे केला. त्याच मापानं त्यांनी स्वतःला मोजलं होतं. त्यांच्या विषयातले, त्यांच्या वर्षांतले लेख, आणि त्या रांगेत ते.

"मी मध्यावर आहे," ते म्हणाले. "जवळजवळ बरोबर मध्यावर." ते हसले, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. सहाशे आकडा रोज सकाळी बघणाऱ्या माणसानं हे कागदावर काढायला काय लागलं असेल, याची मला कल्पना आली. त्यांना हे करायची काहीच गरज नव्हती.

"हा कागद नको जोडायला," मी म्हटलं.

"जोडायचा. त्याच्याशिवाय पहिला कळायचा नाही. तुमच्या अकराच्या शेजारी माझे सहाशे दिसले पाहिजेत." आणि मग नेहमीच्या आवाजात, "तुमचं गवत उगवलंय म्हणा की."

इतकी वर्षं साठवलेला त्यांच्यावरचा राग आता कुठे ठेवायचा, तेच मला कळेना. शेवटी मी चहा मागवला.

पहिल्या हरकतीला असं उत्तर तयार झालं. उरली प्रथम लेखकाची सही. समस्त ग्रामस्थ एका जागी येतात ते शिमग्याला. त्याआधी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला, तर ते म्हणाले, "मॅडम, मी एकटा सही कशी करू? गावकीत ठेवा. डिसिजन तिथंच होणार."

म्हणून शिमग्याला मी आणि ती मुलगी माथ्यावर चढलो. देवळापुढच्या पटांगणात ताडपत्र्या टाकलेल्या, त्यावर पुरुषमंडळी. निम्मे मुंबईकर, इस्त्रीच्या शर्टातले. बायका देवळाच्या भिंतीला टेकून, पोरं त्यांच्याभोवती. पालखीचे विषय झाले, पाण्याच्या टाकीचं भांडण झालं, मग माझा नंबर लागला. मी प्रमाणपत्राचा मजकूर टाइप करून नेला होता. अध्यक्षांनी तो मोठ्यानं वाचला: सदर लेखातील मुख्य काम मॅडमचे आहे, याबद्दल आमची हरकत नाही.

मग मागून एक मुंबईकर उभा राहिला. गोदीत क्रेन चालवणारा, चाळिशीतला.

"मुख्य म्हंजे कसा काय मॅडम? डोंगर आमचा, गवात आमचा, नावं आमची. मंग मुख्य काम तुमचा कसा? आमच्या कंपनीत पण असाच चालतंय. काम आमी करायचा आणि क्रेडिट सायबाचा."

"बराबर बोलतंय तो," दोघं-तिघं म्हणाले.

मला राग आला. आता बोलू नये हे कळत असताना मी बोलले, "अहो, म्हणूनच पहिलं नाव तुमचं घातलं ना! कुठला साहेब घालतो?"

"घातलाव ता चांगला केलाव," तो शांतपणे म्हणाला. "मंग आता काढायला कशाला आलाव?"

माणूस खरं बोलत होता. मी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं. ती खाली मान घालून चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत होती. तिच्याच वाडीची माणसं, त्यांत तिचे वडील पुढच्याच रांगेत, आणि ते गावकीविरुद्ध बोलणार नव्हते. तिची पीएच.डी. तिच्या डोळ्यांदेखत पटांगणात बुडत होती आणि ती बुडवणारा काही वाईट माणूस नव्हता. मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचाही राग आला.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. तिची आई उभी राहिली होती, गुडघ्यावर एक हात ठेवून.

"मी बोलू काय जरा?" तिनं विचारलं आणि कुणी हो म्हणायच्या आत बोलायला लागली. "तुमी समदी मुंबयला व्हतात. गवात दाखवाया आमी गेलो. मुख्य-बिख्य मला काय कळत नाय. पण कोनी काय केलान ता मी सांगते, ता लिवा. मुख्य कोन ता वाचनारा ठरवल."

अध्यक्षांनी इकडे तिकडे बघितलं. "चालंल?"

"खरा असंल ता लिवा," क्रेनवाला म्हणाला आणि खाली बसला.

मग ती सांगत गेली आणि मुलगी माझ्या टाइप केलेल्या कागदाच्या पाठीवर लिहीत गेली. गवतं आम्ही दाखवली. नावं आमची. कुठलं गवत कधी कापायचं, ते आमच्या सासवांनी आम्हाला शिकवलं. मॅडम दोन वर्षं येत होती. पावसात यायची, पाय घसरून दोनदा पडली. (बायका हसल्या.) तिनं गवतं नेऊन दाबून वाळवली, कागदावर चिकटवली, जगातल्या नावांशी जुळवली. ते आम्हाला येत नाही. इतक्यात दुसरी एक बाई मध्येच म्हणाली, "आणि आपन तिला फशिवला ता?" पुन्हा हशा. मग तेही लिहिलं गेलं: मॅडमला येतंय का बघायला आम्ही मुद्दाम खोटी नावं सांगितली. ती तिनं पकडली आणि आमच्यावर रागावली.

हे मी विसरून गेले होते. राग मात्र त्यांच्या चांगला लक्षात होता.

कागद वाचून झाला. क्रेनवाल्यानं मान डोलावली. एक म्हातारे म्हणाले, घरटी एक सही घ्या, नेहमीची रीत. घरटी एक म्हणजे पुरुषाची, हे सगळ्यांना कळलं.

"गवात काय घरानं दाखवलान?" मुलीची आई म्हणाली.

म्हाताऱ्यांनी भिंतीकडच्या बायकांकडे बघितलं. "तसा म्हनशील तर बायांनी दाखवलान," ते शेवटी म्हणाले. "करा मंग समद्यांनी. समस्त म्हंजे समस्त."

वाडीच्या गावकीच्या कागदावर बायकांनी सह्या केल्या, त्या मी तिथे पहिल्यांदा बघितल्या. ज्यांना सही येत नव्हती, त्यांनी अंगठे उठवले. शाई संपली, तर देवळातलं कुंकू तेलात कालवून आणलं. क्रेनवाल्यानं सही करताना मला विचारलं, "मॅडम, आमची ही पोरगी डॉक्टर व्हईल ना पन?" मी म्हटलं, "तिच्यासाठीच चाललंय हे सगळं." तो म्हणाला, "ता आदी सांगायचा ना!" आणि मला कपाळाला हात लावायची वेळ आली. खरंच, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मुलीला वाटलं मी सांगेन, मला वाटलं तिच्या वडिलांनी सांगितलं असेल.

विद्यापीठाच्या समितीची बैठक प्राचार्यांच्या केबिनमध्ये, कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाली. एका सदस्यानं कुंकवाचे अंगठे असलेला कागद कॅमेऱ्यापुढे धरला. "यात मुख्य काम अर्जदाराचं आहे, असं कुठेच लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"नाही लिहिलेलं," मी म्हटलं. "पण कुणी काय केलं, ते सगळं लिहिलेलं आहे."

पडद्यावरच्या सगळ्या चौकटी गोठल्यासारख्या झाल्या. मला वाटलं, रेंज गेली. मग कोपऱ्यातल्या चौकटीतल्या एका वयस्क बाई, त्या वनस्पतिशास्त्राच्याच होत्या, म्हणाल्या, "खोटी नावं कुठल्या गवतांची सांगितली होती हो?" मी सांगितलं, पवन्या आणि कुसळी. कोवळेपणी कशी फसवतात, पानाच्या बुडाशी काय बघायचं, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, मी विद्यार्थिनी असताना याच दोन्हींत फसले होते. मग आम्ही दोघी गवतावरच बोलत बसलो आणि बाकीचे सदस्य ऐकत बसले. शेवटी त्यांनी सरांच्या दोन्ही रांगा वर-खाली करून बघितल्या आणि म्हणाल्या, "हे असं मांडून आम्हाला कुणी दिलंच नव्हतं. सगळ्यांचंच असं बघायला हवं."

मान्यतेचं पत्र मे महिन्यात आलं. मुलीची नोंदणी मुदतीच्या आत झाली. सरांनी बाजारपेठेतून पेढे आणले आणि मला पहिला पेढा देताना म्हणाले, "मध्यावरच्या माणसाकडून." आता ते सकाळी आकडा बघतात की नाही, मला माहीत नाही. हजेरीवर सही मात्र आधी करतात.

तिचा पहिला लेख या हिवाळ्यात आला. तो पाठवायच्या आधी तिनं मला विचारलं होतं, पहिलं नाव कुणाचं? मी म्हटलं, तुझं. मग वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिनं विचारलं. तिथे दोन दिवस चर्चा झाली आणि ठराव झाला. क्रेनवाल्यानंच तो मला पाठवला: या वेळी पहिलं नाव आपल्या मुलीचं, मधे मॅडम, समस्त ग्रामस्थ शेवटी. खाली अंगठ्याचं चित्र.

लेख छापून आला त्या रविवारी मी उतारावरचे नमुने घ्यायला वर गेले होते. उन्हं कलायला लागली होती. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो आणि तिची आई सुपात नाचणी पाखडत होती. मुलीनं मोबाइलवर लेख उघडला आणि आईला दाखवला.

"ह्ये शून्य कसला गो?" आईनं विचारलं. नावाखालचा तो आकडा तिला बरोबर दिसला.

"अजून कोनी वाचला नाय म्हंजे."

"मंग मला वाच."

लेख इंग्रजीत होता. मुलगी एकेक वाक्य मनात वाचून आमच्या भाषेत सांगायला लागली. आई पाखडता पाखडता ऐकत होती, मधेच "हां" म्हणत होती. एके ठिकाणी मुलगी म्हणाली, "वरच्या टेपाडावरचं गवत मुळासकट उपटत नाहीत, विळ्यानं कापतात, त्यानं माती राहते, असं सांगितलं..." आणि तिनं आईचं पूर्ण नाव घेतलं. नवऱ्याचं नाव, आडनाव, वाडीचं नाव, सगळं.

सूप थांबलं. "माजा नाव कशाला घातलंस?"

"तू सांगितलंस म्हनून. जो सांगतो त्याचं नाव घालायचं असतं, आये. तीच रीत हाय."

आई नाचणीच्या दाण्यांवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, ती आता रडेल, आणि माझेच डोळे भरून आले. पण ती रागावलेली होती. मला तो राग फार ओळखीचा वाटला.

"अगो, पन ता मला शेजारच्या काकीनं सांगितलान! मी नवी आलेले तवा. तिचा नाव घातलंस काय?"

"घातलंय. पुढं हाय. समद्यांची हायत."

"थांब, मंग एकटीला नको वाचू." तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि ओट्याच्या कडेला जाऊन हाक मारली. शेजारची काकी आली. तिच्या मागून आणखी दोघी आल्या, एकीच्या हातात कोयता तसाच. सगळ्या ओट्यावर दाटीवाटीनं बसल्या. मुलीनं मोबाइल परत वर सरकवला आणि लेख पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.